नागपूरकडील हवेंत शेतकऱ्यानें घर कसें बांधावें

शेतकऱ्यास बियाणें घेण्याचा प्रसंग दरवर्षीं व बैल घेण्याचा प्रसंग चार-सहा वर्षांनीं येतो; घर बांधण्याचा प्रसंग मात्र बहुधा आयुष्यांत एकदांच येतो. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, चाल पाहतों, खांदा पाहतों व चार जाणत्यांस विचारतों. घर बांधतांना मात्र शेजाऱ्यानें कसें बांधलें एवढेंच पाहतों, आणि पुढील सर्व भार गवंड्यावर व सिमेंटच्या दुकानदारावर टाकून मोकळे होतों. याचा परिणाम असा होतो कीं, ज्या घरापायीं दोन-तीन पिकांचें उत्पन्न खर्चीं पडलें व वर कर्जहि झालें, त्याच घरांत वैशाखाच्या दुपारीं बसवत नाहीं व रात्रीं निजवत नाहीं. घरधनी अंगणांतील निंबाखालीं खाट टाकतो आणि नवें घर धान्याच्या पोत्यांस राहावयास देतो.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत झाली. अतिवृष्टि झाली म्हणजे पडलेल्या घरांचे पंचनामे लिहिण्याचें काम आमच्याकडे येत असे. छापील कागदावर घर अंशतः पडलें कीं पूर्णतः पडलें याचा रकाना असे. तें कां पडलें याचा रकाना नसे. परंतु ढिगाऱ्यापुढें उभें राहून लिहिणाऱ्यास कारण दिसल्यावांचून राहत नसे. भिंत मातीची होती एवढ्याच कारणास्तव ती पडली, असें मला क्वचितच आढळलें. बहुतेक ठिकाणीं जोतें वीतभरच उंच असे, वळचण आंखूड असे, अथवा दोन-तीन वर्षांत कवेलूंची फेरणी झालेली नसे. पाणी भिंतीच्या माथ्यांत शिरलें किंवा पायांत शिरलें, आणि भिंत बसली. त्याच आळींतील तितकीच जुनी दुसरी मातीची भिंत उंच जोत्यावर व रुंद वळचणीखालीं कोरडी उभी असे.

येथें एका शब्दाविषयीं सांगणें अवश्य आहे. आमच्या दप्तरांत घरांचे ‘कच्चें’ व ‘पक्कें’ असे दोन वर्ग असत. विटा, सिमेंट व स्लॅब असला कीं घर पक्कें, आणि माती, बांबू व कवेलू असले कीं कच्चें. माझ्या मतें पावसानें मातीच्या घरांचें जेवढें नुकसान केलें नाहीं तेवढें या एका शब्दानें केलें. ‘कच्च्या’ घरांत राहणें म्हणजे दारिद्र्य, ही समजूत इतकी दृढ झाली कीं, ज्यांचीं दोन हात रुंद भिंतींचीं थंडगार घरें होतीं त्यांनींहि तीं पाडून चार इंची स्लॅबच्या भट्ट्या उभ्या केल्या. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत सपाट प्रदेशांतील ग्रामीण कुटुंबास १,२०,००० रुपये साह्य व निदान २५ चौरस मीटरचें घर असें प्रमाण ठरविण्यांत आलें. त्यायोगें पुष्कळांस डोक्यावर छप्पर मिळालें हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु आपल्या पदरच्या पैशानें मोठें घर बांधणाऱ्या शेतकऱ्यानेंहि त्याच नमुन्याची मोठी प्रत काढावी, असें कांहीं नाहीं.

आतां जमिनीचा विचार करूं. आपल्या जुन्या लोकांनीं गांवच्या भूमीचे काळी व पांढरी असे दोन भाग मानले होते. काळी ती पिकाची व पांढरी ती वस्तीची. ही वांटणी केवळ रंगावरून झालेली नाहीं. काळी माती पावसांत पाणी पिऊन फुगते, आणि उन्हाळ्यांत आटून तिला पुरुष-पुरुष खोल भेगा पडतात. वर्षांतून एकदां वर उचलणाऱ्या व एकदां खालीं सोडणाऱ्या अशा भूमीवर पाया उथळ ठेवला, तर भिंतीस चिरा पडल्यावांचून राहत नाहींत, मग ती मातीची असो कीं पक्क्या विटेची. कळमन्याच्या बाजूस पूर्वीं जीं शेतें होतीं त्यांवर आतां वस्ती झाली आहे. अशा ठिकाणीं खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी वर गेलेली चीर दिसली, कीं घर काळ्यांत उथळ बांधलें आहे हें सांगावयास ज्योतिषी नको.

यास्तव पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा. चार-पांच फुटांवर मुरूम लागला तर काम सोपें आहे. चर दगडानें भरून काढावी, आणि चराच्या दोन्ही अंगांस मुरूम ठोकावा म्हणजे काळी माती पायास थेट दाबणार नाहीं. मुरूम फार खोल असेल तर सबंध चर खणण्याचा खर्च झेपत नाहीं. अशा जमिनीकरितां रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें एक युक्ति प्रचारांत आणली आहे. जागोजाग दहा-बारा फूट खोल भोंक पाडून, त्याचा तळ कांद्यासारखा फुगीर कोरून, त्यांत सळईसह काँक्रीट भरतात व या खुंटांवर तुळई टाकून भिंत उचलतात. फुगवट्यामुळें खुंट वर उचलला जात नाहीं, व तळ भेगांच्या खालीं गेल्यामुळें तो खचतहि नाहीं. तुळईच्या खालीं मात्र दोन-तीन इंच पोकळी ठेवावी; नाहींतर फुगलेली माती तुळईसच उचलूं लागते. घराभोंवतीं तीन-चार फूट रुंद मुरमाचा उतरता पट्टा करून वळचणीचें पाणी दूर घालवावें. न्हाणीचें पाणी भिंतीशीं मुरूं देणें हें तर आपल्या हातानें पायांत सुरुंग ठेवण्यासारखें आहे.

जागा निवडतांना जुन्या नाल्याचीहि चौकशी करावी. नाला बुजला तरी पाणी आपली वाट विसरत नाहीं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे थोड्या तासांच्या पावसानें नागपूर शहराची जी दैना झाली ती वाचकांस स्मरत असेल. तलाठ्याकडील जुना नकाशा काढून पाहण्यास फार खर्च येत नाहीं.

यानंतर दिशा. येथें वास्तुशास्त्राचा वाद मला घालावयाचा नाहीं. सूर्याचाच हिशेब पुरेसा आहे. नागपूर हें सुमारें २१ अंश उत्तर अक्षांशावर वसलें आहे. यामुळें मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत दोनप्रहरीं सूर्य बरोबर माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहींशी होते. जूनमध्यें तो किंचित् उत्तरेकडे झुकतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच दोनप्रहरीं दक्षिणेस क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. यावरून तीन गोष्टी निघतात.

पहिली, उन्हाळ्यांत सर्वांत अधिक ऊन छपरावर पडतें, भिंतीवर नव्हे. दुसरी, दक्षिणेकडील भिंतीस सावली देणें सोपें आहे. तिच्यावर दोन फूट वळचण काढली, तर मार्चच्या विषुवदिनीं मध्यान्हीं पांच फुटांची सावली पडते, आणि पौषांत दोनच फुटांची पडून खालील खिडकींतून हवेंसें ऊन आंत येतें. एकच वळचण उन्हाळ्यांत छत्री होते व हिंवाळ्यांत बाजूस सरते. तिसरी गोष्ट अशी कीं, पूर्वेच्या व पश्चिमेच्या भिंतीस वळचण कितीहि लांब केली तरी सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन तिच्या खालून शिरतें. म्हणून घर पूर्व-पश्चिम लांब व दक्षिणोत्तर अरुंद असावें, म्हणजे तिरप्या उन्हासमोर लहान भिंती येतात. पश्चिमेच्या अंगास निजावयाची खोली कदापि करूं नये. तेथें कोठी करावी, सरपण ठेवावें, जिना घ्यावा, अथवा पुढें सपरी काढावी. आपल्या जुन्या घरांच्या पुढें-मागें सपरी असे ती केवळ पाहुण्यांच्या बैठकीकरितां नव्हे.

रस्ता किंवा जागेची लांबी आडवी आल्यामुळें घर उत्तर-दक्षिण लांब करणें भाग पडलें, तर पश्चिमेस वीस-पंचवीस फुटांवर निंब, करंज किंवा आंबा लावावा. याहून जवळ लावूं नये. काळ्या जमिनींत मोठें झाड मुळांनीं पाणी शोषून पायाखालची माती आटवितें. तिसऱ्या प्रहरचें ऊन कललेलें असल्यामुळें दूरच्या झाडाची सावलीहि भिंतीपर्यंत पोंचते.

छपराचा विषय मुख्य असल्यामुळें त्यावर सविस्तर लिहितों.

२०१३ च्या मे महिन्यांत नागपूरचा पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. (२०२४ च्या मे-अखेर येथील एका स्वयंचलित यंत्रानें ५६ अंश दाखवून देशभर गवगवा केला, तो यंत्राचा दोष ठरला.) हे अंश सावलींतील हवेचे होत. त्याच वेळीं उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग हात ठेववणार नाहीं इतका तापतो. उष्णता पदार्थांतून हळूहळू आंत उतरते, आणि पदार्थ जितका जाड तितका तिला वेळ लागतो. चार-पांच इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून ती सुमारें तीन तासांत खालीं पोंचते. म्हणजे दोनप्रहरीं खाल्लेलें ऊन स्लॅब तिसऱ्या प्रहरीं खोलींत ओकूं लागतो, आणि दिवसभर सांठविलेलें मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतो. दीड फूट मातीच्या भिंतीस मात्र हाच प्रवास करावयास दहा-बारा तास लागतात. दुपारचें ऊन आंत पोंचतें तोंवर बाहेर पहाटेची गार हवा असते, व खिडक्या उघड्या असल्या म्हणजे तें कोणास जाणवत नाहीं. टिनाच्या पत्र्याची गोष्ट बोलावयासच नको. तो सूर्याबरोबर तापतो. मात्र सूर्याबरोबर निवतोहि, एवढाच त्याचा गुण. त्यामुळें पत्र्याखालीं दिवसा व स्लॅबखालीं रात्रीं राहवत नाहीं, असा अनुभव येतो.

कवेलूंचें छप्पर या दोहोंहून बरें, याचें कारण कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, आणि मातीच्या थराखालीं तट्टा असल्यास दुसरा पडदा होतो. अडचण दोन प्रकारची आहे. वानरें कवेलू फोडतात, व दर सालीं मृगापूर्वीं फेरणी करणारा माणूस मिळत नाहीं. पूर्वीं मालगुजारी गांवांत निस्ताराच्या हक्कानें जंगलांतून लांकूड-बांबू मिळे. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, पुढें जंगलेंहि उतरलीं, आणि सागवानाची मयाल आतां सामान्य शेतकऱ्याच्या आवांक्यांत राहिली नाहीं. यास्तव केवळ ‘जुनें तें सोनें’ म्हणून कवेलूंचा आग्रह धरणें व्यर्थ आहे. ज्याच्या बांधावर स्वतःचा बांबू व साग आहे त्यानें तें छप्पर अवश्य करावें. इतरांनीं जें छप्पर परवडेल तें करावें, परंतु त्यावर उपाय योजावा.

ज्यांचा स्लॅब झालाच आहे त्यांनीं दर होळीनंतर गच्ची स्वच्छ धुवून तिजवर चुन्याचे दोन-तीन घट्ट हात द्यावे. चुन्यांत थोडा डिंक घातल्यास तो लवकर उडत नाहीं. पांढरा रंग बहुतेक ऊन परत आकाशांत धाडतो, हें शाळेंतील मूलहि जाणतें. परंतु राखी स्लॅबवर हा प्रयोग करणारीं घरें आमच्या भागांत बोटांवर मोजण्याइतकीं सांपडतील. याहून टिकाऊ उपाय म्हणजे पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे उतारासह बसविणें. जुन्या इमारतींत स्लॅबवर मडकीं उपडीं मांडून त्यांवर चुन्याचा कोबा करीत, तीहि उत्तम रीत होय. मडक्यांतील कोंडलेली हवा उष्णतेस अडविते. बांबूचा मांडव घालून त्यावर दोडक्याचा किंवा वालाचा वेल चढविणाऱ्यास सावलीबरोबर भाजीहि मिळते. ओल्या मातीचा जाड थर मात्र स्लॅबवर टाकूं नये. त्याचें ओझें फार होतें व ओलीनें सळई गंजते.

टिनाखालीं तट्टा ठोकून मध्यें वीतभर पोकळी ठेवावी, आणि दोन्ही टोंकांस हवा खेळेल अशीं भोंकें ठेवावींत. कांहीं जण पोकळींत पऱ्हाटी भरतात. तसें करूं नये. पऱ्हाटीस चिकटलेल्या सुकल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते, आणि घर थंड करण्याच्या नादांत पुढील सालच्या कपाशीचा शत्रु आपण डोक्यावर पोसतों. तुराटी चालेल, तिला शेणमातीचा लेप दोन्ही अंगांस द्यावा, म्हणजे आगीचें व उधईचें भय कमी होतें.

नव्यानें स्लॅब टाकणारांस एक काटकसर सांगतों. स्लॅबचा भार खालच्या अंगास सळई सोसते. सळयांच्या मधलें खालचें काँक्रीट तेथें केवळ ओझें म्हणून असतें. त्या जागीं मंगळुरी कौलें उपडीं ठेवून वरून काँक्रीट ओतलें, तर सिमेंट वांचतें, वजन घटतें व कौलांखालच्या हवेनें उष्णताहि कमी उतरते. केरळांत लॉरी बेकर (१९१७–२००७) या स्थपतीनें अशा स्लॅबांचीं पुष्कळ घरें बांधलीं. काम मात्र माहितगार माणसाकडून करून घ्यावें.

आतां भिंतीचा विचार. पक्की वीट कोठून येते, हें आपण शेतकरी असून विसरतों. हजार विटांस सुमारें पाऊण ब्रास माती लागते. तीस फूट लांब व अठरा फूट रुंद अशा लहान घराच्या नऊ इंची भिंतींस दहा हजारांच्या आसपास विटा, म्हणजे साडेसात ब्रास माती लागेल. ही माती वरच्या अर्ध्या फुटाची असल्यास, सातबाऱ्याच्या हिशेबानें सुमारें दीड आर जमिनीचा कस एका घरानें खाल्ला. भट्टीवाल्यास शेत दोन वर्षांच्या बोलीनें देणारे खातेदार मीं पाहिले आहेत. त्यांना रोख पैसा मिळाला. सातबाऱ्यावरील क्षेत्र एका आरानेंहि कमी झालें नाहीं. कमी झालें तें पीक, आणि त्याची नोंद पिकाच्या रकान्यांत पुढें कित्येक वर्षें होत राहिली.

या दृष्टीनें राखेच्या विटा आम्हांस सोईच्या आहेत. कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांत कोळसा जळून अलोट राख निघते. ती साठविण्याची अडचण केवढी आहे, हें जुलै २०२२ मध्यें खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राख शेतांत व नाल्यांत पसरली तेव्हां दिसलें. शेतांतील वरची माती वांचावी व राख खपावी या हेतूनें केंद्र सरकारनें १९९९ सालीं अधिसूचना काढून वीजकेंद्राभोंवतालच्या भट्ट्यांवर राख वापरण्याचें बंधन घातलें. राखेची वीट भट्टींत भाजावी लागत नाहीं, आकारानें सारखी असते, म्हणून चुनासिमेंट कमी लागतें. विकत घेतांना मात्र एक वीट रात्रभर पाण्यांत ठेवून पाहावी व दुसरी कमरेइतक्या उंचीवरून टाकून पाहावी. धड दाबलेली नसलेली वीट लगेच उघडी पडते.

वीट कोणतीहि असो, ती आडवी न ठेवतां कडेवर उभी ठेवून, मध्यें पोकळी राखून बांधण्याची रीत आहे. तिला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. वर सांगितलेल्या बेकर यांनींच ती आपल्या देशांत लोकप्रिय केली. भिंत नऊ इंचीच राहते, विटा सुमारें एक चतुर्थांश वांचतात, आणि मधली हवा उष्णतेस अडविते. गवंडी आरंभीं कुरकुर करतो. एक दिवसाची मजुरी शिकण्यापायीं गेली तरी पुढें भरून निघते.

मातीच्या भिंतीकरितां काळी माती निरुपयोगी आहे, हें पुनः सांगावयास नको. माती पारखण्याची सोपी रीत अशी. कांचेच्या उभ्या बाटलींत अर्धी माती व वर पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून खूप हलवावें व स्थिर ठेवावें. रेती मिनिटाभरांत तळीं बसते, पोयटा कांहीं तासांत, व चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. निम्म्याहून अधिक रेती व उरलेल्यांत चिकणमातीचा अंश बेताचा असेल, तर माती भिंतीस योग्य. चिकणमाती अधिक असल्यास भिंत वाळतांना तडकते. तींत रेती व कुटार मिसळावें, आणि आठवडाभर पाणी घालून तुडवून मुरूं द्यावी. दाबयंत्रांत शेंकडा पांच-सहा भाग सिमेंट घालून केलेल्या मातीच्या विटा न भाजतांहि पावसाळा सोसतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत १९७४ पासून या कामाचा अभ्यास झालेला आहे. काळ्या मातीचा अंश असेल तर सिमेंटऐवजीं चुना द्यावा.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करूं नये. ही चूक आज घरोघर दिसते. माती ओलाव्याबरोबर थोडी फुगते व आकसते, सिमेंट तसें करीत नाहीं. दोहोंत फट पडते, फटींत पाणी शिरतें, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत आंतून चिखल होते. शेणमाती, कुटार व थोडा चुना यांचाच लेप द्यावा व दिवाळीस पोतारावा. घरांतल्या बायकांस हें काम आम्हां पुरुषांहून अधिक समजतें. बांधकामापूर्वीं त्यांस विचारणें हिताचें होईल.

मातीचें घर पाहावयाचें असेल तर दूर जाणें नको. ३० एप्रिल १९३६ रोजीं, म्हणजे ऐन उन्हाळ्यांत, महात्मा गांधी वर्ध्याजवळील सेगांवीं राहावयास गेले. १९४० सालीं त्या गांवास सेवाग्राम हें नांव मिळालें. घरास माल आसपासचा असावा व खर्च अगदीं थोडा व्हावा असा त्यांचा कटाक्ष होता. तेथील आदि निवास व बापूकुटी आजहि उभ्या आहेत. बापूकुटी मुळांत मीराबेन यांनीं स्वतःकरितां उभारली होती. माती, बांबू, कवेलू, चोहोंकडे खालपर्यंत उतरलेली रुंद वळचण व पुढें सपरी, एवढाच तिचा सरंजाम. ऐंशींहून अधिक पावसाळे तिनें पाहिले ते नित्य देखभालीच्या बळावर, हें ध्यानांत ठेवावें. वर्ध्यासच देवेंद्रकुमार यांनीं १९७६ सालीं स्थापलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानें लांकडाच्या टंचाईवर एक उपाय काढला. कुंभाराच्या चाकावर एका टोंकास निमुळते असे मातीचे पेले करून भाजावयाचे, एकांत एक बसवून त्यांची कमान करावयाची, व कमानीशेजारीं कमान लावून छप्पर पुरें करावयाचें. त्यास ना मयाल लागते ना सळई. सेवाग्रामास जाणाऱ्यानें तेंहि पाहून यावें.

परंतु माती व दगड यांची बाजू घेतांना एका गोष्टीवर डोळेझांक केल्यास तो घात होईल. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या बाजूस भूकंप झाला, आणि लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें मेलीं. धक्का सहा अंशांहून थोडाच अधिक होता. मनुष्यहानि इतकी झाली ती घरांमुळें. भिंती दोन-तीन हात रुंद होत्या, पण त्यांचे आंतले व बाहेरचे पदर गोल दगडांचे, मातींत बसविलेले, आणि दोन्ही पदरांस बांधणारा आरपार दगड कोठें नव्हता. वर माळवदावर दर सालीं गळती थांबविण्याकरितां माती चढवीत चढवीत तिचा थर हात-दीड हात झालेला. भिंती फुटल्या व तें सारें ओझें झोंपलेल्या माणसांवर आलें. जेथें लांकडी खांबांचा सांगाडा मजबूत होता तेथें भिंती ढांसळूनहि छप्पर तोललें गेलें. नागपूर हें भूकंपाच्या दृष्टीनें कमी धोक्याच्या पट्ट्यांत गणलें जातें. तथापि किल्लारीकडील भागहि त्या वेळीं निर्धास्तच समजला जात होता. म्हणून जाड भिंत बांधणारानें दर दोन फूट उंचीवर चार-चार फुटांच्या अंतरानें आरपार दगड घालावा, दारखिडक्यांच्या माथ्यावरून घराभोंवतीं अखंड पट्टी फिरवावी, कोपऱ्यांपासून खिडक्या निदान दोन फूट दूर ठेवाव्या, आणि छप्पर हलकें ठेवावें. अखंड पट्टी सळई-काँक्रीटची उत्तम. सिमेंट येथें वांचवूं नये.

सिमेंटविषयीं माझा राग नाहीं. चुनखडी सुमारें १४५० अंशांपर्यंत तापवून तें करतात. कोळसा जळतो तो निराळा, आणि चुनखडींतून निघणारा वायु निराळा. जगांत मनुष्याच्या उद्योगानें जो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो त्याचा शेंकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा आहे. जो उन्हाळा व जो लहरी पाऊस आपणांस रडवितो त्यांत या वायूचा वांटा आहे. म्हणून सिमेंट पायांत, पट्टींत व टाकींत वापरावें. जेथें माती, चुना वा राख तेंच काम करते तेथें त्याची उधळपट्टी करूं नये. गोणीमागें पैसेहि वांचतात, तें वेगळें.

वाऱ्यासंबंधीं थोडें. समोरासमोर खिडक्या असाव्या हें खरें, पण आमच्या उन्हाळ्यांत त्या दिवसा उघडावयाच्या नसतात. सकाळीं नऊला बंद कराव्या व दिवस मावळल्यावर सताड उघडाव्या. भिंतीच्या माथ्याशीं लहान झरोके ठेवावे. तापलेली हवा वर जमते ती तेथून निघते. महालांतील जुन्या वाड्यांत मधला चौक असे तो याच कामाचा. रात्रीं गार हवा चौकांत उतरते व सकाळपर्यंत ओसऱ्यांत भरून राहते. वाळ्याची ताटी व आजचा कूलर यांचें तत्त्व एकच, कीं पाणी वाळतांना उष्णता घेतें. दोहोंसहि बाहेर जाणाऱ्या हवेची वाट पाहिजे. दारें-खिडक्या घट्ट लावून कूलर चालविला, तर घटकाभरांत खोली दमट होते आणि मग कूलरास दोष दिला जातो.

गुरांचा कोठा घराच्या पश्चिमेस किंवा उत्तरेस थोडा सोडून असावा. चुलीच्या खोलीस धुराडें असावें. याविषयीं सर्वांस माहीत आहेच.

पाण्याचा हिशेब मात्र सांगतों. नागपुरास वर्षांत सरासरी सुमारें ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. वर घेतलेल्या तीस-अठरा फुटी घराचें छप्पर पन्नास चौरस मीटर भरतें. त्यावर पंचावन्न हजार लिटर पाणी पडतें, आणि गळती-वाफ सोडून चव्वेचाळीस हजार लिटर हातीं लागावयास हरकत नाहीं. पहिल्या दोन सरींचें घाण पाणी बाहेर सोडून पुढील पाणी पन्हळींतून आणावें. दहा हजार लिटरांची झांकलेली टाकी केली तर चार माणसांस रोज चाळीस लिटर या मानानें पिण्यास व स्वयंपाकास आठ महिने पुरतें. उरलेलें रेती-गिट्टीच्या खड्ड्यांतून विहिरींत सोडावें. खड्डा घरापासून निदान पंधरा-वीस फूट दूर असावा, कारण काळ्या मातींत जवळ मुरविलेलें पाणी पायाखालीं जातें, हें वर सांगितलेंच आहे.

कामाचा काळ तूर-कापूस घरांत आल्यावरचा धरावा. माघांत पाया, फाल्गुन-चैत्रांत भिंती, आणि मातीची भिंत असल्यास दिवसास दोन फुटांहून अधिक चढवूं नये. खालचा थर वाळल्यावरच वरचा घालावा. छप्पर अक्षय्यतृतीयेच्या आसपास पुरें झालें, तर मृगापूर्वीं वळचण, पन्हळ व मुरमाचा पट्टा करावयास महिनाभर हातीं राहतो. घाईनें पाऊस सुरू झाल्यावर घातलेलें छप्पर पहिल्याच वर्षीं गळतें, आणि पंचनाम्यास गेलेल्या कारकुनास त्याची नोंद करावी लागते.